मधली चोपन्न वर्षं कुठे गेली?

परवा प्रदर्शनातून ताराराणीवरची एक जाडजूड कादंबरी उचलली, साडेचारशे रुपये, तेही सवलतीत. नाव सांगणार नाही, उगाच चाहते इथे येऊन मला इतिहास शिकवतील. आज सुट्टी म्हणून चहा घेऊन वाचायला बसले तर पहिल्या शंभर पानांत बाईचे डोळे अकरा वेळा पाणावले. अकरा. पेन्सिलीनं खुणा केल्यात मी. राजाराम महाराज काही बोलले की पाणावतात, दासीनं समई लावली की पाणावतात, एकदा तर नुसतं आभाळ भरून आलं म्हणून. म्हटलं शेवट तरी बघू. शेवटचं पान उघडलं तर १७०७ साल, औरंगजेब गेल्याची खबर आलीय, राणी बुरुजावर उभी, भगवा फडफडतोय, डोळे (बारावी वेळ!) पाणावलेत. समाप्त.

अहो समाप्त कसलं? बाईची बत्तिशीसुद्धा पुरी झाली नव्हती. ती वारली १७६१ च्या डिसेंबरात, साताऱ्याला. मधली चोपन्न वर्षं कुठे टाकलीत?

(एकेरीत लिहितेय म्हणून कुणी कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. आईला, आजीला, अंबाबाईला आपण एकेरीतच हाक मारतो.)

आता आजीचा विषय निघालाच आहे तर. माझ्या वडिलांची आई, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. आजोबा गेले तेव्हा आक्का सव्वीस-सत्तावीसची, वडील चार वर्षांचे, आणि सात एकर जमीन ज्यावर धाकट्या दिराचा डोळा. दिवस घातले त्याच्या दुसऱ्या दिवशी दीर कागद घेऊन आला, म्हणाला वहिनी अंगठा द्या, मी बघतो सगळं. आक्का म्हणाली, "अंगठा देत न्हाई, जा." त्या दिवसापासून ती अंगठा मुठीत धरून झोपायची. खरंच. चार बोटांच्या आत अंगठा आणि मूठ पदरात गुंडाळलेली, कारण झोपेत कुणी शाई लावून घेतला तर? मी लहानपणी तिच्या शेजारी झोपायचे, ती मूठ मी बघितलीय, तेव्हा वाटायचं हिला थंडी वाजते. पुढं गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा आक्का पहिल्या दिवशी जाऊन बसली आणि सही तेवढी शिकली. बाकी बाराखडीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आणि आक्काच्या तेराव्याला माईक हातात आला तसे एक पाहुणे म्हणाले, "आक्का म्हणजे सोशिक माउली!" माझा चुलतभाऊ मागं तोंडात रुमाल कोंबून हसत होता. सोशिक! जिनं बांधावर खुरपं घेऊन दोन रात्री काढल्या, जिनं फेरफाराच्या नोंदीसाठी तालुक्याला चपला झिजवल्या, जी ऐंशीव्या वर्षी विहिरीतली पाळी विकायची भाषा केली म्हणून पोटच्या पोराशी दोन वर्षं बोलली नाही, ती सोशिक?

त्या कादंबरीचंही तेच आहे बघा. ताराराणी म्हणे सोशिक आणि तेजस्वी.

मुळात पहिली सात वर्षं तरी नीट लिहा की. १७०० च्या मार्चमध्ये नवरा, राजाराम महाराज, सिंहगडावर वारले, पदरात चारेक वर्षांचा मुलगा, आणि बादशहा स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला. अशा वेळी पंचविशीतली बाई कारभार हातात घेते, म्हणजे रोज सकाळी नक्की काय करत असेल? तलवार उपसून घोड्यावर बसत असेल? कोल्हापूरच्या ताराराणी चौकातला पुतळा मला फार आवडतो, कॉलेजात असताना त्याच्या समोरूनच बस पकडायचे, पण राज्य चालतं ते पैशावर, रसदीवर आणि माणसं फुटू न देण्यावर. किल्लेदारानं पावसाळा तोंडावर येईपर्यंत किल्ला लढवायचा, मग बादशहाकडून चांगली रक्कम घेऊन तो सोडायचा, आणि बादशहाची पाठ वळली की परत घ्यायचा. केवढा बेरकी खेळ आहे हा! म्हातारा बादशहा चिखलात तोफा ओढत एकेक गड विकत घेतोय आणि इकडं मराठी फौजा माळवा-गुजरातपर्यंत मुसंडी मारून येतायत. शत्रूकडच्या, म्हणजे मोगलांच्या इतिहासकारानं, खाफीखानानंसुद्धा तिच्या हुशारीची आणि कारभाराची दखल घेतलीय. आणि आमचे कादंबरीकार? दीड पान शृंगार, अर्धं पान नथ, आणि सगळा हिशेब रामचंद्रपंत अमात्यांच्या तोंडी. बाई नुसती ऐकतेय. आणि पाणावतेय.

बरं, एक मान्य करते, कागद कमी आहेत. बायकांच्या मनात काय चाललं होतं हे कुठल्या बखरकाराला विचारावंसं वाटलं नाही, तेव्हा लेखकाला कल्पना करावी लागते. करा की! पण कल्पनाच करायची तर ती दरवेळी आसवांचीच का सुचते, रागाची का नाही सुचत?

कारण राग यावा असं पुढं एवढं घडलंय. १७०७ मध्ये मोगलांनी शाहूला सोडलं आणि सात वर्षं जिच्या जिवावर राज्य टिकलं तिलाच सगळे विचारायला लागले की आता खरा वारस आला, आपण बाजूला व्हा. तिनं नाही म्हटलं. खेडला लढाई झाली आणि सेनापती धनाजी जाधव शाहूला जाऊन मिळाला. मग कोल्हापूरची वेगळी गादी. मग १७१४ मध्ये सवत राजसबाईनं डाव उलटवला, ताराबाई आणि तिचा मुलगा दोघं कैदेत, मुलगा त्या कैदेतच वारला. पुढं वारणेच्या लढाईनंतर ती साताऱ्याला शाहूच्या नजरकैदेत. दोन्ही कैदा मिळून पस्तीस वर्षं! आमच्या आक्काची कोर्टकचेरी अठरा वर्षं चालली तर घरात जन्मभर पुरतील एवढ्या गोष्टी झाल्या, आणि इथे पस्तीस वर्षं म्हणे कादंबरीचा विषय नाही.

आणि खरी मजा त्याच्या पुढं आहे. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले, मागं मुलगा नाही. तेव्हा ही चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी पुढं येते आणि म्हणते, माझा नातू आहे, लपवून वाढवलाय. रामराजा गादीवर बसतो. बाई त्याला सांगते, त्या नानासाहेब पेशव्याला काढ. तो काही ऐकत नाही. तर १७५० च्या नोव्हेंबरात सरळ त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवला! मदतीला कोण, तर उमाबाई दाभाडे, दुसरी विधवा, जिचा मुलगा डभईला बाजीरावाशी लढताना पडला होता. दोन म्हाताऱ्या. एकीकडे अजिंक्यतारा, दुसरीकडे दाभाड्यांच्या पदरचा दमाजी गायकवाड फौज घेऊन निघालेला. त्या दोघींमधला एक निरोप, एक बोलणं, कुणी लिहावं हो. तीनशे पानं नकोत, तीन द्या. त्यात पाठदुखी येऊ द्या, दात पडलेले येऊ द्या, औषधाची मात्रा उगाळता उगाळता पेशव्याच्या खजिन्याचा अंदाज बांधणं येऊ द्या.

दमाजी हरला. पण म्हातारीनं किल्ला सोडला नाही, आणि शेवटी पेशव्यालाच तिच्याशी जमवून घ्यावं लागलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथा झाल्या, आणि तिथे बाईनं शपथेवर सांगितलं की रामराजा माझा नातू नाहीच! आता खरं काय, तेव्हाचं की आधीचं? यावर इतिहासवाले भांडोत. मला जेजुरीच्या त्या पायऱ्या दिसतात. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखत असणार, भंडाऱ्यात माखलेली वर चढतेय, पालखीतून गेली असेल म्हणा, आणि मनात काय आहे ते कुणालाच कळत नाहीये. एवढं एक दृश्य ज्याला लिहावंसं वाटत नाही त्यानं ताराराणीच्या वाटेला जावंच कशाला?

हो, माहितीय, रामराजाचे हाल झाले, ते काही थोर नव्हतं. आणि भाऊबंदकीत माणसं मेली ती मेलीच. पण पुरुषांनी हेच केलं की आपण मुत्सद्दीपणा म्हणतो.

तेच अहिल्याबाईचं. अठ्ठावीस वर्षं माळव्याचा कारभार बघितला, महेश्वरला माग बसवले, आणि आपल्याला आठवते ती पांढऱ्या साडीतली, हातात पिंड घेतलेली. पिंड होती हो हातात, पण दुसऱ्या हातात हिशेबाची वहीही असेलच की.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. खरं सांगायचं तर मला ताराराणी पहिल्यांदा भेटली तीसुद्धा अशाच एका रडक्या कादंबरीत, सातवीत, शाळेच्या लायब्ररीतली, पुठ्ठा निघालेली. त्या रात्री मी ती आक्काला वाचून दाखवली होती, कंदिलाजवळ, लाईट गेलेली. बुरुजाचा शेवट ऐकून आक्का म्हणाली, "मग म्होरं काय झालं? पोराचं काय झालं? जमिनीचं?" मी म्हटलं, संपलं पुस्तक. म्हणाली, "असं कसं संपंल, बाई जित्ती हाय न्हवं?"

आक्का शेवटी दवाखान्यात होती तेव्हा बोटाला ती क्लिप लावायला सिस्टर तिची मूठ उघडायला बघत होत्या, आजी हात सोडा, आजी काही नाही करत. शुद्ध जेमतेम होती. सोडला नाही. शेवटी दुसऱ्या हाताला लावली.

असो. ताराराणीच्या म्हातारपणावर कुणी काही लिहिलेलं तुमच्या वाचनात असेल तर खरंच सांगा, पुतळ्याचे फोटो टाकू नका. आणि ही साडेचारशेची कादंबरी कुणाला हवी असेल तर घरी येऊन घेऊन जा, पेन्सिलीच्या खुणा खोडून देणार नाही.