ओसुमींचं नोबेल आणि मावशीच्या गोळ्या

"जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले! १६ तास उपाशी राहा, शरीर स्वतःच कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकते. जुने मायटोकॉन्ड्रिया जाऊन नवे येतात. मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या बंद. २०१६ चे नोबेल. आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते, म्हणून एकादशी."

हा मेसेज एरवी मी न वाचताच पुसते. पण यंदा तो मावशीने मनावर घेतला. गोळी सोडायला ती धजली नाही, जेवण मात्र सोडलं. सकाळी मधुमेहाची गोळी ग्लिमेपिराइड, दिवसभर नुसतं पाणी. संध्याकाळी घामाने चिंब, हात थरथरतायत, साखर ५८.

आता नोबेलबद्दल. योशिनोरी ओसुमींनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. पाव फुगवतो, तेच यीस्ट. त्यांचा १९९२ चा पेपर काही गूढ नाही. यीस्टच्या पेशीत टाकाऊ माल पचवणारी एक पिशवी असते, व्हॅक्युओल. तिथली पाचक एन्झाइम नसलेलं यीस्ट त्यांनी पोषण तोडलेल्या माध्यमात टाकलं आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तासाभरात पिशवीत मोजके गोल कण दिसू लागले, सारखे हलणारे. तीन तासांत पिशवी गच्च. पचवणारं कुणी नव्हतं म्हणून माल तसाच पडून राहिला, आणि म्हणून तर दिसला. पुढच्या वर्षी त्यांनी म्युटंट (जनुकं बिघडलेलं) यीस्ट चाळून या कामाला लागणारी १५ जनुकं गाठली. नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीने आपलाच जुना-टाकाऊ माल पचवण्याची, ही यंत्रणा उलगडल्याबद्दल. या दोन पेपरांत माणूस नाही, कॅन्सर नाही, १६ तास तर नाहीतच. गंमत म्हणजे जनुकं शोधताना यीस्टची जी उपासमार केली ती नायट्रोजनची, म्हणजे प्रथिनांच्या कच्च्या मालाची. भोवती साखर होतीच. तंतोतंत तसंच करायचं तर मावशीची डाळ-उसळ बंद करून तिला साखरेच्या पाण्यात बसवावं लागेल.

कॅन्सरचं तर उलटंच आहे. ऑटोफॅजी पेशीच्या आत चालते. ती हुडकून शेजारची वाईट पेशी खात नाही. गाठीत जिथे रक्त कमी पोचतं तिथे कॅन्सरच्या पेशी याच युक्तीने तग धरतात. म्हणून तर ऑटोफॅजी रोखायला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध देऊन पाहण्याच्या चाचण्या कॅन्सरच्या रुग्णांवर झाल्या आहेत.

बरं, अर्धं खरं आहे तेही कबूल करते. अन्न तुटलं की पेशींत ऑटोफॅजी वाढते, उंदरांतही दिसतं. बिघडलेले मायटोकॉन्ड्रियाही (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) याच वाटेने काढले जातात. वजन उतरवून टाइप २ मधुमेह मागे हटू शकतो, हेही खरं: ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभराने औषधाविना आटोक्यात होती. पण ते सुरुवातीचे तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरी खात होते, आणि मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या. मावशीने नेमकं उलटं केलं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. खाल्लं नाही तर साखर खाली येणारच. डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीवर असाल तर धोका वेगळा: लांबलेल्या उपासात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने लवकर लक्षातही येत नाही. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना नको.

मायटोकॉन्ड्रियाचं नाव घेणाऱ्यांनी एक ऐकावं. उपाशीपोटी शरीर चरबीवर जगतं आणि ती जळते बरीचशी मायटोकॉन्ड्रियातच. काही बाळांत त्यासाठी लागणारं 'एमकॅड' हे एन्झाइम जन्मतःच नीट काम करत नाही. तापात अशा बाळाने रात्रभर दूध घेतलं नाही तर साखर कोसळते, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. त्यांच्या उपचाराचा पहिला नियमच असा, की फार वेळ उपाशी ठेवायचं नाही. 'मायटोकॉन्ड्रियासाठी सगळ्यांनी उपास करा' हे त्या आईला सांगून बघा.

राहिली एकादशी. श्रद्धेने करायची तर करा, त्याला जपानचं सर्टिफिकेट कशाला? आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या घरांतून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, वर राजगिऱ्याचा लाडू असा फराळ असतो. ऑटोफॅजीचं सोडाच, त्या दिवशी मावशीची साखर अडीचशेच्या वर जाते.