‘शेवटी खिमाच ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या ‘घरची बीफ चिली, टेक्सास पद्धतीने’ (चिली म्हणजे वाळक्या मिरच्यांच्या गरात मंद आचेवर शिजवलेलं मांसाचं कालवण) या लेखाखाली ‘अस्सल खवय्या’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते :

“केवढं हे पाल्हाळ! शेवटी काय, लाल तिखट घातलेला खिमाच ना? आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्यांत होतो. राजमा घालायचा नाही म्हणे, मग पोटभरीचं काय राहिलं? आणि बीफच कशाला? परदेशात गेलं की माणसं किती पटकन बदलतात. फोटोत तर चीजखाली काही दिसतच नाही.”

एरवी ‘धन्यवाद, करून बघा’ एवढं लिहून मी पुढे जाते. पण या प्रतिक्रियेला अंगठेही बरेच मिळालेत, आणि ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांत माझे दोन नेहमीचे वाचक आहेत. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते. पाल्हाळ वाटलं तर इथेच थांबायची मुभा आहे.

आधी मान्य करायचं ते करून टाकते. फोटोत चीज जास्त आहे. मुलाने किसलं आणि किसतच राहिला. वरून चिमूटभर चेडर आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा एवढंच पुरे असतं. फोटो बदलेन.

आता मुख्य गोष्ट. खवय्येसाहेब, तुम्हाला पदार्थ आवडला नाही तर माझं काही म्हणणं नाही. तुम्ही तो केलेला नाही, खाल्लेला नाही, आणि लेखही पुरता वाचलेला दिसत नाही. तरी एका ओळीत निकाल देऊन मोकळे! कुणी तुमच्या घरच्या आमटीला ‘शेवटी काय, डाळीचं पाणीच ना’ म्हटलं तर तुम्हाला कसं वाटेल? मत असू द्या, पण ते द्यायची एक रीत असते. रविवारची दुपार घालवून, वाट्या-चमचे मोजून कुणीतरी लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते फुकट मिळतं, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

‘लाल तिखट घातलेला खिमा’ या वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही चूक आहेत. तिखटापासून सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

माझ्या कृतीत तीन पौंड, म्हणजे साधारण 1.35 किलो मांसाला सहा आंचो, चार ग्वाहियो आणि दोन आर्बोल मिरच्या आहेत. आंचो म्हणजे पोब्लानो नावाची मेक्सिकन मिरची, पिकवून वाळवलेली. तळहाताएवढी रुंद, काळसर, सुरकुतलेली, आणि तिखट जवळजवळ नाहीच. ग्वाहियो लांबट, गुळगुळीत, विटकरी लाल, किंचित आंबूस. खरी तिखट ती बारकी आर्बोल. सगळ्यांचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. आता तुमच्या हिशेबाने तेवढं लाल तिखट त्या मांसात घाला. घाला ना! आणि मग मला सांगा, ‘शेवटी काय’ ते.

या पदार्थात मिरची तिखटासाठी नसतेच, तिचा रस्सा होतो. आपल्याकडे रश्श्याला अंग येतं ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने, इथे ते काम मिरचीचा गर करतो. म्हणून ती कुटून भुरभुरत नाहीत. देठ आणि बिया काढायच्या, मिरची उघडून कोरड्या तव्यावर उलथन्याने दाबून धरायची, एका बाजूला वीस-तीस सेकंद. ती मऊ पडते, पोटात थोडी फुगते आणि मनुकांसारखा गोडसर वास सुटतो. तिथे उचलायची. धूर आला की गेली, कडू होते, आणि मग कितीही गूळ घाला, तो कडवटपणा जात नाही. त्यानंतर गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, मिक्सरला गंधासारख्या बारीक वाटायच्या आणि सालं राहिली असतील तर गाळून घ्यायच्या. भिजवलेलं पाणी चाखून बघायचं. कडसर लागलं तर ओतून द्यायचं, नाहीतर वाटताना तेच वापरायचं. हे सगळं लेखात होतं. तुम्ही त्याला पाल्हाळ म्हणालात.

अमेरिकेत ‘चिली पावडर’ म्हणून जी बाटली मिळते तीसुद्धा आपलं लाल तिखट नव्हे. तिच्यात मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगानो असतं, बऱ्याचदा मीठही. टेक्सासच्या न्यू ब्राउनफेल्स गावी विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने 1890च्या दशकात अशी पावडर विकायला काढली आणि मग चिली देशभर घरोघरी होऊ लागली. त्यामुळे अमेरिकन कृतीत ‘तीन चमचे चिली पावडर’ वाचून पुण्यात कुणी तीन चमचे संकेश्वरी तिखट घातलं तर दोष टेक्सासचा नाही. माझ्या इनबॉक्समध्ये अशा करुण कहाण्या येत असतात, म्हणून तर मी अख्ख्या मिरच्यांवर एवढं लिहिलं.

आणि मिरचीबद्दल मला शिकवू नका, खरंच. मी वसईची. आमच्या घरी मे महिन्यात बाटली मसाला व्हायचा. काश्मिरी, बेडगी, रेशमपट्टी अशा मिरच्या गच्चीवर चादरींवर पसरलेल्या, आणि आम्ही पोरं कावळे हाकायला. आई प्रत्येक मिरची वेगळी भाजायची, कारण एकीला लागतो तेवढा वेळ दुसरीला दिला की ती करपते. भाजणाऱ्या बाईच्या मागे उभं राहायचीही मुभा नव्हती, एवढा ठसका. मग सगळं कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरायचं, आणि वर्षभर पुरवायचं. माझ्या आईला कुणी ‘हे लाल तिखटच ना’ म्हटलं असतं तर त्याला आमच्या ओट्यावर चहा मिळाला नसता. ते शिक्षण घेऊन मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला आले. शेजारच्या मेक्सिकन आजींनी पहिल्यांदा माझ्यासमोर आंचो तव्यावर टाकली तेव्हा मला काही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त त्यांनी माझं उलथनं बदललं, माझं फार जाड होतं.

आता खिमा. खिमा बारीक असतो, ओलसर असतो, कांद्या-टोमॅटोवर परतला की अर्ध्या तासात ताटात. मला तोही प्रिय आहे, पावाबरोबर तर फारच. चिलीला खांद्याचं मांस लागतं, ज्याला इथे चक म्हणतात. त्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे करायचे. टेक्सासमधल्या दुकानांत ‘चिली ग्राइंड’ म्हणून मुद्दाम जाड दळलेलं मिळतं, तेही चालतं, पण खिमा म्हणून मिळतो तो बारीक प्रकार नको. खांदा हा जनावराचा राबणारा भाग, त्यात चिवट तंतू भरपूर. मंद आचेवर अडीच-तीन तासांत ते तंतू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. बारीक खिमा तेवढा वेळ ठेवलात तर त्याची वाळू होते.

शिवाय खिमा आपण पाणी सुटू देऊन शिजवतो, इथे पाणी सुटलं की काम बिघडलं. तुकडे कागदाने टिपून कोरडे करायचे, मीठ लावायचं, बिडाच्या जाड भांड्यात चरबी चांगली तापवायची आणि एका वेळी मूठ-दोन मूठच टाकायचे. टाकल्यावर हात मागे. ढवळायचं नाही. खालची बाजू गडद तपकिरी झाली की तुकडा आपोआप सुटतो. घाईने सगळं एकदम ओतलंत तर भांडं थंड होतं, पाणी सुटतं, आणि मांस स्वतःच्याच पाण्यात उकडून करडं पडतं. मग भांड्याच्या बुडाला जे तपकिरी धरतं तेच मिळत नाही. त्याच बुडावर कांदा, लसूण, भाजून कुटलेलं जिरं परतायचं, मिरचीचा गर ओतायचा आणि दोन-चार मिनिटं रटरट शिजू द्यायचा. रंग विटेचा काळपट होतो, कडेला तेल दिसू लागतं. त्यानंतर मांस परत आत, बुडेल इतपत बीफचा स्टॉक, मेक्सिकन ओरेगानो, आणि आच बारीक. शेवटी दोन मोठे चमचे मासा, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, पाण्यात कालवून. दाटपणा त्याने येतो आणि मक्याचा वासही.

यातली एकही पायरी खिम्यात आहे का? तुम्हीच सांगा.

बरं, हा पदार्थ कुणी परवा हॉटेलात बसून काढलेला नाही. सॅन अँटोनिओच्या मिलिटरी प्लाझात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या बायका कंदील लावून, लांब टेबलं मांडून चिली विकायच्या. ‘चिली क्वीन्स’ म्हणत त्यांना. गाडीवान, शिपाई, पर्यटक सगळे एका बाकावर. शिकागोच्या 1893च्या जागतिक प्रदर्शनात ‘सॅन अँटोनिओ चिली स्टँड’ लागला होता. 1930च्या दशकात शहराने आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्या बायकांना चौकांतून उठवलं. पुढे 1977 साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला. घासभर खाऊन बघायच्या आधी ‘शेवटी काय’ म्हणताना निदान एवढं आठवावं. त्या बायकांकडेही वेळ फारसा नव्हता, पण त्यांनी शॉर्टकट मारल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बाकीचे मुद्दे झटपट.

राजमा : टेक्सासच्या चिलीत तो नसतो. टर्लिंग्वा या ओसाड पडलेल्या खाणगावात 1967 पासून चिलीच्या स्पर्धा होतात आणि तिथे घेवडा, भात, पास्ता घातलेलं भांडं नियमातच बसत नाही. ती स्पर्धाही एका लेखावरून पेटलेल्या वादातून निघाली : एच. अ‍ॅलन स्मिथ नावाच्या विनोदी लेखकाने चिलीतलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही असं लिहिलं आणि टेक्सासवाले खवळले. पण ते भांडायला पातेलं घेऊन आले हो. तीन पौंड मांसात पोटभरीचं काय, हा प्रश्न मला तरी कळला नाही. घेवडा हवाच असेल तर पिंटो बीन्स वेगळे शिजवून शेजारी वाढा, इथेही तसे वाढतात. राजमाच घेणार असाल तर रात्रभर भिजवून ते पाणी टाका आणि ताज्या पाण्यात आधी चांगला अर्धा तास खळखळून उकळा, मगच कुठल्याही मंद आचेच्या भांड्यात घाला. कच्चट राजमा पोट बिघडवतो, आणि त्याचं बिल पुन्हा माझ्या नावावर फाडाल.

टोमॅटो : हा तुम्ही काढला नाहीत, पण कुणीतरी काढेलच. मी घालत नाही. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या घरची ‘पेडर्नालिस रिव्हर चिली’, जिच्या कृतीची कार्डं त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन लोकांना पाठवत, तिच्यात टोमॅटो आहे. राजमा नाही. ते दोघेही पक्के टेक्सासचे. घाला बापडे.

कुकर : मांस शिजतं, नाही कोण म्हणतं! पण चकला तीन शिट्ट्या पुरत नाहीत आणि बंद भांड्यात रस्सा आटत नाही. यावर आणखी लिहीत नाही.

बीफ आणि ‘माणसं बदलतात’ : हे मात्र मी वाचून सोडणार होते, पण नाही. तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या घरी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलं की बीफचं कालवण असायचं. ते मी वसईतच खाल्लं, माझ्या आजीच्या हातचं, विमानात बसायच्या कितीतरी आधी. मराठी माणूस म्हणजे फक्त तुमच्या घरातला माणूस, हा समज कुठून येतो ते मला ठाऊक आहे, आणि त्यावर स्वयंपाकाच्या लेखाखाली वाद घालायची माझी इच्छा नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाचंही मांस बंद आहे, हेही मला सांगायची गरज नाही. वसईला माझी बहीण म्हशीचं मांस आणून हीच चिली करते, तिला पाऊण तास जास्त लागतो. ज्यांना तेही नको त्यांनी बोकडाच्या खांद्याचं करावं. या विषयावर पुढची प्रतिक्रिया आली तर मी ती काढून टाकेन, आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी खरोखर करायचं म्हणून विचारलं होतं त्यांच्यासाठी : आंचो मिळत नसेल तर बिया काढलेली बेडगी घ्या, वाटताना सात-आठ काळ्या मनुका टाका. तेच होणार नाही, जवळ जाईल. मासा नसेल तर साधं मक्याचं पीठ कोरडं भाजून घ्या. आणि केल्या दिवशी खाऊ नका, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली नारिंगी चरबी थोडी काढून मग गरम करा. सोबत खारी क्रॅकर्स किंवा मक्याचा पाव.

खवय्येसाहेब, तुम्हीही करा. कुकरमध्ये करायची तर कुकरमध्ये करा. फक्त कशी झाली ते लिहाल तेव्हा लाल तिखट किती चमचे घातलंत तेही लिहा.