सर, खाली काळं आलंय

परवा एका डिजिटल प्रिंटवाल्याने मी कॉम्प्युटरवर काढलेल्या मिग विमानाच्या पोटाखालची सावली पुसली, न विचारता, आणि वर 'क्लीन करून दिलंय सर' असं ऐकवलं.

मित्राच्या बाबांची पंचाहत्तरी होती. ते एअरफोर्समध्ये मिग-२१ च्या ग्राउंड क्रूला होते, म्हणून भेट म्हणून साइड प्रोफाइल, म्हणजे बाजूने दिसणारं विमान, काढलं, १९७१ च्या सुमाराचं, मिग-२१ चं एफएल मॉडेल, बिनरंगाचं, नुसत्या पत्र्याचं. आता रंगवलेलं विमान सोपं असतं हो, वरून उजेड, खाली उतरत जाणारी शेड, सॉफ्ट ब्रश फिरवला की झालं. उघडा पत्रा मात्र छळतो. तो सगळंच रिफ्लेक्ट करतो, वरच्या बाजूला आभाळ, खाली रनवेचं काँक्रीट, मधे क्षितिजाची गडद पट्टी आणि तिची कड तुलनेने कडक, त्यात प्रत्येक पॅनलचा टोन वेगळा. सावलीचा लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडवर, पण काळा नाही, निळसर करडा, कारण काळा टाकला की विमान मळकट दिसतं. आणि अगदी खालच्या कडेला जमिनीवरून परत आलेल्या उजेडाची एक बारीक रेघ. ती नसेल तर गोलाई येतच नाही.

ऑपरेटरने फाइल उघडली, झूम केली, मान तिरकी केली.

"सर, खाली काळं आलंय."

"सावली आहे ती."

"हो, पण काळं आलंय ना. प्रिंटला अजून काळं येणार, मग कस्टमर आम्हालाच बोलतात."

"येऊ दे. मी नाही बोलणार."

"आणि हे कडेला व्हाइट राहिलंय बघा, तुमचं कटिंग नीट नाही झालं."

एवढ्यात मागे आधार कार्ड लॅमिनेट करायला उभे असलेले एक काका पुढे सरकले, चष्मा कपाळावर घेतला आणि स्क्रीनवर चक्क बोट टेकवलं. "पंखाखाली डाग कसला? ऑइल गळतंय?"

"पंखाची सावली आहे काका. ऊन वरून येतंय."

"मी नाशिकजवळ ओझरला विमान कारखान्यात होतो. मिग तिथेच बनायचे. असलं डागाळलेलं विमान आम्ही गेटबाहेर सोडलं नसतं."

मी जरा नरमलो, म्हटलं जाणकार भेटला. "कुठल्या सेक्शनला होतात?"

"टाइम ऑफिस."

यावर काय बोलणार! ऑपरेटर मात्र अशा नजरेने माझ्याकडे बघायला लागला की बघा, आता तर कारखान्यातूनच रिजेक्शन आलं.

गंमत म्हणजे विमान रंगवणारेही याच पार्टीचे. लढाऊ विमानं बऱ्याचदा वरून गडद आणि पोटाला फिकी रंगवतात ती नैसर्गिक सावली मारायलाच, म्हणजे लांबून ती सपाट दिसावीत, पटकन नजरेत भरू नयेत. हरणाचं पोट पांढरं असतं त्यामागेही हेच कारण सांगतात. थोडक्यात, जी सावली आणायला मी रात्री जागतो ती पुसायला निसर्ग, हवाई दलं आणि हा ऑपरेटर असे तिघं बसलेत. पहिल्या दोघांशी माझं भांडण नाही, त्यांना जीव वाचवायचा असतो.

फोन आला म्हणून बाहेर गेलो, तेवढ्यात ऑपरेटरने ब्राइटनेस चढवून प्रिंट काढलीसुद्धा. क्षितिजाची पट्टी गायब, कडेची रेघ कागदात विरघळलेली, विमान पोळीसारखं लाटून ठेवलेलं. शेपटीवरचा तिरंगा तेवढा झक्क उठला होता, त्यामुळे काका खूष. "आता कसं फ्रेश वाटतं! नातवाला एक राफेल काढून द्या की, कॉम्प्युटरच तर करतो सगळं."

हेच डोक्यात जातं. कॉम्प्युटरच करतो ना, मग मल्टिप्लायच्या लेयरवर बसून रिव्हेटची एकेक ओळ वक्रतेप्रमाणे फिकी करत जाणारा मी कोण, त्याचा माउस? आणि हल्ली सगळ्यांना सगळंच ब्राइट हवं असतं, लग्नाच्या फोटोत नवरीचं नाक उरत नाही तरी चालतं, मग मिग काय चीज.

पुन्हा ओरिजिनल फाइलवरून काढून घेतली, काकांसमोर, मुद्दाम. त्याने बिलात दोन्ही प्रिंटचे पैसे लावले, आणि खाली वेगळी ओळ: 'फोटो करेक्शन, ५० रुपये.'