‘महिन्याला किती?’

गेल्या वर्षी माझ्या मामांना यकृताचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी सोराफेनिबच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या, सकाळी दोन आणि रात्री दोन. त्या दिवशी घरात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: महिन्याला किती? औषधांच्या दुकानात आम्हाला खोक्यावरची छापील किंमत वाचून दाखवण्यात आली, आणि मामींनी त्याच संध्याकाळी गावाकडची जमीन विकण्याचा विषय काढला. छापील किंमत म्हणजेच औषधाचा खर्च, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो, आणि आमची चूक तिथेच झाली.

दिवसाला ४ गोळ्या म्हणजे ३० दिवसांच्या १२० गोळ्या. नेमक्या याच १२० गोळ्यांवरून एकेकाळी मुंबईत मोठा वाद झाला होता. औषधाचे पेटंट असलेली बायर कंपनी या गोळ्यांचे महिन्याला २,८०,४२८ रुपये घेत असे, म्हणजे एका गोळीला सुमारे २,३३७ रुपये. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची मुभा, दिला आणि तेवढ्याच गोळ्या ८,८८० रुपयांना विकण्याची अट घातली. एका गोळीला ७४ रुपये! मूळ कंपनीला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यायचे ठरले, अपिलात ते ७ टक्के झाले, आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही परवाना कायम ठेवला. औषधी घटक तोच आणि मात्राही तीच होती. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ मला दुसरे काही सुचले नाही.

आता हे औषध अनेक कंपन्या बनवतात. छापील किंमत ही विक्रीची कमाल मर्यादा असते. दुकानदाराला माल किती रुपयांना पडतो, ते खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते. या दोन आकड्यांमधली दरी इतकी वाढली होती की फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारला कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीसाखळीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. म्हणूनच दुकानदाराकडे सवलत मागण्यात काहीही कमीपणा नाही, आणि दोन-तीन दुकानांत चौकशी करण्यातही नाही.

सवलतीच्या नादात मात्र आम्ही एकदम दोन महिन्यांची औषधे घेतली. तिसऱ्या आठवड्यात मामांचे तळहात आणि तळपाय लाल होऊन इतके दुखू लागले की त्यांना चप्पल घालवेना. या औषधाचा हा परिचित दुष्परिणाम आहे, आणि तो झाला की अनेकदा मात्रा कमी करावी लागते. डॉक्टरांनी ती निम्म्यावर आणली. पुढे दुसरेच औषध सुरू झाले, तेव्हा उरलेल्या गोळ्या दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. पहिली खरेदी पंधरा दिवसांचीच करावी, बिल जपून ठेवावे आणि न लागलेली पाकिटे परत घेणार का, हे आधीच विचारावे, एवढे जरी कोणी सांगितले असते तरी ते पैसे वाचले असते. शिवाय रक्ताच्या तपासण्या, ठरावीक काळाने होणारा स्कॅन आणि साताऱ्याहून पुण्याला जाण्यायेण्याचे भाडे हेही महिन्याच्या खर्चातच धरायला हवे. आम्ही ते दुसऱ्या महिन्यात धरले.

माझे स्पष्ट मत आहे की महागडे औषध लिहून देताना डॉक्टरांनी घटकाचे नाव, महिन्याच्या गोळ्यांची संख्या आणि अंदाजे रक्कम त्याच कागदावर लिहून द्यावी. आजाराच्या धक्क्यात असलेल्या कुटुंबाने हे सगळे आपणहून शोधून काढावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आम्ही धीर करून विचारले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी अवघ्या पाच मिनिटांत त्याच घटकाची, दुसऱ्या कंपनीची, बरीच स्वस्त गोळी लिहून दिली. ती पहिल्याच दिवशी का लिहिली नाही, हे मी त्यांना विचारले नाही. विचारायला हवे होते.