गोधडीतली मोटर

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या गल्लीला कोंबडा उठवत नाही, नळ उठवतो. आधी खाकरतो, मग दोनदा फुस्स करतो आणि गप्प बसतो. त्या फुस्सनंतर बावीस घरांत पाणी ओढणाऱ्या मोटरींची बावीस बटणं दाबली जातात. त्यातलं एक माझं.

पाणी तिघऱ्याचं. सांक नदीवरचं हे धरण १९१६ सालचं. विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीचे, पाणी आपोआप अडवणारे दरवाजे तिथे बसले. शेजाऱ्याची मोटर आपोआप अडवणारं काही मात्र शंभर वर्षांत निघालं नाही.

पाणी आपणहून चढायचं तर एकमजली घराच्या जोडणीपाशी ७ मीटरचा, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवणारा दाब हवा, दुमजलीला १२, तिमजलीला १७. पाणीपुरवठ्याच्या १९९९ सालच्या सरकारी नियमपुस्तकात तसं छापलंय. आमच्या नळाने ते वाचलेलं दिसत नाही. म्हणून कुणीतरी अर्ध्या हॉर्सपॉवरचा टुल्लू पंप थेट नळाच्या लाइनीलाच जोडतो. त्याचं पिंप भरतं. लाइनीत एक थेंबही वाढत नाही, पुढच्या घराचं पाणी इकडे वळतं इतकंच. मोटरवाल्याला खर्च तासाला साधारण अर्धं युनिट वीज. समोरच्या काकूंचं कोरडं पिंप त्याच्या बिलात कुठेच लागत नाही. या न लागलेल्या रकमेला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. काकू जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

मग काकूही मोटर आणतात. टोकाचं घर इरेला पेटून एक हॉर्सपॉवरची आणतं. बावीसही घरांत मोटर आली की पाणी होतं तेवढंच, वर बावीस वीजबिलं. पण पहिली मोटर बंद करणारा त्या दिवशी बिनआंघोळीचा राहणार, म्हणून कुणीच बंद करत नाही. गल्लीतले सगळे शहाणे, आणि गल्ली मूर्ख.

खरा घोटाळा पुढे आहे. इतक्या मोटरी एकदम ओढायला लागल्या की पाइपात पाण्याऐवजी पोकळी होते. नळाच्या तोंडाला तळहात लावून बघा, चिकटतो. तीच ओढ नालीतून गेलेल्या पाइपाच्या सैल सांध्यालाही लागते आणि नाली घरात येते. म्हणजे मोटर लावायची एकाने आणि पाणी उकळायचं गल्लीने.

आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच तोड सांगितली होती: दुसऱ्याचं जेवढं नुकसान, तेवढा कर ते नुकसान करणाऱ्यावर लावा. पण कर लावायला आधी मोजायला हवं आणि आमच्याकडे पाण्याला मीटर नाही. ठरलेले पैसे भरले की बादली घ्या नाहीतर विहीर, भाव तोच. मग राहतो बंदीचा मार्ग, म्हणजे मोटर जप्त. त्यावर गल्लीने गोधडी काढली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मोटर गोधडीत गुंडाळतात. मोटरला वारा मिळत नाही, त्यात लाइन कोरडी असली की ती नुसतीच फिरते, तापते आणि आतल्या तारेचं वाइंडिंग जळतं. जळक्या वार्निशचा तो वास जिन्यापर्यंत आला की कुणाची गेली ते विचारावं लागत नाही. जप्तीपेक्षा रिवाइंडिंगवाल्याचा धाक मोठा.

पाण्याच्या वेळेला वीजच बंद करणं, हा उपाय काही गावांत करतात. तो मला मनापासून पटतो, फक्त त्यात मिक्सरही बंद पडतो. इन्व्हर्टरवर चालवू म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट मागते. घरगुती इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांचं १९६० सालचं म्हणणं असं, की हक्क कुणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणी फुकटात होत असतील, तर लोक आपसांत सौदा करून मोकळे होतात. बावीस घरांच्या जोड्या होतात २३१. आमच्याकडे एका जोडीची बोलणी म्हणजे दोन चहा, एक जुना भिंतीचा वाद आणि कुणाच्या तरी साखरपुड्याला न बोलावल्याची आठवण.

जमिनीत हौद खणा, लाइनीचं पाणी त्यात आपल्या वजनाने पडू द्या आणि मोटर हौदातून वरच्या टाकीला लावा, हे बरोबर आहे. मोटर कितीही ओढो, ओढेल ती आपलंच. पण अंगण नसलेल्या बोळात हौद गल्लीचा एकच हवा, आणि वर्गणी न देणाऱ्यालाही पाणी मिळणार म्हटल्यावर वर्गणीची वही पहिल्या पानावरच अडते. अशा सामायिक गोष्टी लोक आपणच नियम करून सांभाळतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या नियमांत पाळत ठेवणारा आपल्यातलाच किंवा आपल्याला जबाबदार असावा असंही आहे. ती जागा काकूंनी गॅलरीतून कधीच भरली आहे, पण त्यांची स्वतःची गोधडी कोण उचलणार?

तोवर एवढं करा. नळाची रबरी नळी बादलीत बुडवून ठेवू नका, काठाच्या चार बोटं वर धरा. नळी बुडलेली असली आणि शेजारची मोटर सुरू झाली, की तुम्ही भरलेली बादलीही त्याच नळीने त्यांच्याकडे जाते.