मावशी, तेल खा, पण गोळी सोडू नकोस

काल फोनवर मावशी सहज बोलून गेली, "कोलेस्टेरॉलची गोळी चार दिवस बंद आहे. इटलीचं तेल मागवलंय." कारण तो फॉरवर्ड. गार्डा सरोवराकाठचं ऑलिव्ह तेल रोमन सम्राट खायचे, तिथली झाडं बर्फालाही दाद देत नाहीत, अस्सल तेल फ्रिजमध्ये गोठतं, आणि उपाशीपोटी रोज दोन मोठे चमचे घेतले की ब्लॉकेज विरघळतात! नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरून आलाय.

आधी ब्लॉकेज. तेल पिऊन ते विरघळत नाही. या तेलाची बाजू घेणारे स्पेनमधला 'प्रेडिमेड' अभ्यास पुढे करतात: सुमारे ७,४०० माणसं, २०१३ साली प्रसिद्ध, त्रुटी निघाल्यावर २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापलेला. ऑलिव्ह तेलाच्या भूमध्यसागरी आहाराने हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून प्रमाण घटलं, हे खरं. पण तिथे तेल जेवणातलं होतं आणि गोळ्या कुणी बंद करायला लावल्या नव्हत्या. कितीतरी जण स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, घेतच होते. शिवाय दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २४० कॅलरी, तेही नाश्त्याआधी!

सम्राटांचं म्हणाल, तर रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो ही टेकडी बघा. पस्तीसेक मीटर उंच, अख्खी तेलाच्या फुटक्या मडक्यांची. खापरांवर शिक्के आहेत, शाईने लिहिलेली वजनं आहेत. त्यातली बहुतेक मडकी दक्षिण स्पेनहून आलेली. गार्डाकाठी सिरमिओनेला रोमन वाड्याच्या अवशेषांत आज ऑलिव्हची झाडं दिसतात, फोटो छान येतो. तेवढ्यावरून सम्राटाचं ताट भरत नाही.

फ्रिजची परीक्षा? खोबरेल तर पुण्याच्या थंडीत बाहेरच गोठतं, शेंगतेलही फ्रिजात गढूळ होतं. त्यावरून अस्सलपणा कळत नाही.

बर्फाचं मात्र अर्धं मान्य करावं लागतं. जवळजवळ ४६ अंश उत्तर अक्षांशावर ऑलिव्ह पिकतं ते उन्हाळ्याची ऊब धरून ठेवणाऱ्या त्या खोल पाण्यामुळे आणि मागच्या आल्प्समुळे. म्हणजे श्रेय तळ्याचं. कडाक्याच्या गारठ्यात ऑलिव्ह मरतंच. तिथल्या कासालिवा जातीचं तेल सौम्य, चांगलं असतं. १९९७ पासून त्याला युरोपचं 'गार्डा डीओपी' हे नोंदलेलं, उगमाचं ठिकाण सांगणारं नाव आहे. बाटलीवर ते शोधायचं, फॉरवर्डमध्ये नाही.

मावशीची बाटली आली की काकडीच्या कोशिंबिरीवर घालून बघू. गोळी रात्री नऊची आहे, पावणेनऊला मी फोन करणार आहे.