हाफ इंजिन करून घेण्याचा राजमार्ग

गाडी डिझेलची, बारा वर्षांची, मीटर दीड लाखाच्या पुढे, आणि परवा सकाळी सेल्फ मारल्याबरोबर मागून धूर. अभिनंदन! हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलण्याचं मोठं काम, करून घ्यायचं तर आता एकच पथ्य पाळा: काहीही मोजू नका. मोजलं की खर्च आटोक्यात येतो.

धुराचा रंग तर मुळीच बघू नका. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, गार इंजिनाचा पांढरा म्हणजे बहुधा हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) गेलाय. असले भेद करत बसलात तर नुसत्या प्लगवर भागायचं.

मिस्त्री चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडेल, वाफ दाखवेल आणि म्हणेल, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय साहेब, रिंगा गेल्या." म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि सिलिंडरमधला वायू खाली ऑइलच्या बाजूला उतरतोय. मान डोलवा. डिझेलला थोडी वाफ असतेच, ही वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप चोंदला किंवा टर्बोचं सील गेलं तरी दाब वाढतो, हे बोलून उगाच वातावरण बिघडवू नका.

ऑइल खातंय का? सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइल मोजायची कांडी बघायची, हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघायची. पाव लिटर उतरलं तर जुन्या इंजिनाला माफ, लिटरभर गेलं तर काळजी. पण इतकं थांबायला वेळ कोणाला? आणि पातळी चढलीच तर फुकटचं ऑइल मिळालं म्हणून पेढे वाटा. डिझेल फवारणारं नोझल गळून ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, ही बातमी यथावकाश बेअरिंगच देतील.

कॉम्प्रेशन टेस्टचा (सिलिंडरमधला दाब मोजण्याचा) हट्ट असेलच, तर पेट्रोलचा गेज लावू द्या. काटा टोकाला टेकला की वाद मिटला. डिझेलला 40 बारपर्यंतचा गेज, गरम इंजिन, भरलेली बॅटरी, बंद केलेलं डिझेल आणि काढलेले चारही हीटर प्लग लागतात. एवढं करून चारही आकडे पंचवीस बारच्या आसपास, म्हणजे ठणठणीत, आले तर सगळा बेतच फसला! एकच सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघतात (चमचाभरच; वर जागा इतकी कमी असते की जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो). आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इतकं नेमकं कळलं तर हाफ इंजिन करणार कोण?

हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरल्यावर बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, होनिंगच्या (बनवताना घासून पाडलेल्या) तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसल्या, म्हणजे सिलिंडर झिजलेलाच नसला, तर चटकन दुसरीकडे बघा. मिस्त्री "आता उघडलंच आहे तर..." म्हणाला, की वाक्य पूर्ण होऊ देऊ नका; सरळ ॲडव्हान्स किती ते विचारा.